अल्पवयीन शब्दांची वही

आमच्या साप्ताहिकात मजकूर तपासणाऱ्या काकांना सगळे गाळणीकाका म्हणत. आधी ते जन्मनोंदणीच्या कार्यालयात कारकून होते. तिथून निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. कुठलाही शब्द पहिल्यांदा कानावर पडला की वहीत तारीख टाकायचे आणि तीच त्याची जन्मतारीख धरायचे. पंचवीस वर्षं पूर्ण न झालेला शब्द अल्पवयीन. छापायचा नाही.

मी खेळाचं पान लिहायची. नोकरी कायम व्हायला महिना उरला होता आणि शिफारस काकांनीच करायची होती. त्यात मी लिहून बसले, 'रविवारचा सामना भारी झाला.' काकांनी 'भारी'वर लाल रेघ ओढली.

"हे आजकालच्या पोरांचं," ते म्हणाले. "माझ्या भाचीच्या तोंडून ऐकलं. बुधवार होता. नऊ वर्षं झाली फक्त."

"म्हणजे काका, तुम्ही ऐकेपर्यंत तो पोटातच होता का?"

"शिफारशीचा कागद माझ्याकडे आहे, ठाऊक आहे ना?"

माझी जीभ म्हणजे माझी वैरीण. पण राग आला की मी कामाला लागते. दुपारभर तळघरात जुन्या अंकांचे गठ्ठे उपसले आणि नाकातोंडात धूळ जाऊन शिंकून शिंकून बेजार झाले. शेवटी छप्पन्न वर्षांपूर्वीच्या मुलांच्या पानावर एक पत्र सापडलं. 'तुमचं चित्रकोडं लई भारी होतं. अजून द्या.' खाली काकांचं पूर्ण नाव, वय वर्षे आठ.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. गठ्ठा मी त्यांच्या टेबलावर आपटलाच.

काकांनी चष्मा पुसून पत्र वाचलं. मग पुन्हा चष्मा पुसला.

"हे आईने लिहून दिलं होतं," ते म्हणाले. "माझं अक्षर कोणालाच लागत नसे. ती असंच बोलायची. भाजी भारी, पाऊस भारी, शेजारीण भारी आगाऊ. मी साफ विसरलो गं."

मला एकदम वाईट वाटलं. जिंकल्याची मजाच गेली.

त्यांनी वही उघडली, 'भारी'ची नोंद खोडली आणि माझ्या पानावरची रेघही रद्द केली. मग शिफारशीचा कागद काढला. शेऱ्याच्या रकान्यात ते सगळ्यांना 'समाधानकारक' लिहीत. माझ्या कागदावर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'काम भारी.'

दुसऱ्या दिवशी कागद वरच्या मजल्यावरून संपादकांच्या शेऱ्यासह परत आला. 'असली आजकालची भाषा कार्यालयीन कागदावर चालणार नाही. शिफारस नामंजूर.'

मी तो काकांपुढे धरला. काकांनी शेरा दोनदा वाचला.

"किती वय असेल गं या माणसाचं?"

"चाळिशीचे असतील."

"शब्द छप्पन्नचा. त्याच्यापुढे हा अल्पवयीन," काका म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, छप्पन्न वर्षांपूर्वीचा तो गठ्ठा काखेत मारला आणि गुडघे दुखत असूनही दोन-दोन पायऱ्या गाळत वर निघाले.