एकशे पंधरा आणि एकशे चौदा

महिनाभर रोज काट्यापाशी उभं राहून पुनमनं मिळवलेलं उत्तर एका ओळीत मावत होतं. ट्रेनिंग घेतलेल्या सहा जणी दिवसाला सरासरी एकशे पंधरा किलो हळद निवडत होत्या, न घेतलेल्या सहा जणी एकशे चौदा.

"म्हंजे ट्रेनिंग पाण्यात," मॅनेजर सोमेश्वर खुशीत म्हणाला. "करा सही, मॅडम. मालक बोललेच व्हते, फरक दिसला तर बायका ठिवू, न्हाई तर मशीन आणू. मशीन सुट्टी मागत न्हाई."

बारा जणींची कामं जाणार होती, तीही पुनमच्या सहीनं. तिनं संख्याशास्त्रात एम.एस्सी. केली होती. कुणी शिकायला जायचं याच्या चिठ्ठ्या तिनंच टाकल्या होत्या. उजेड, हवा, माल सारखा राहावा म्हणून दोन्ही गट एकाच शेडात, एकाच ढिगाभोवती तिनंच बसवले होते. एवढं नेटकं करून फरक एका किलोचा? ती तणतणत शेडात गेली.

पंचफुलाबाई ट्रेनिंगला गेलेली नव्हती, तरी दोन्ही हातांनी झपाझप हळकुंडं वेगळी करत होती. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं अगदी तसंच.

"मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"या द्वारकानं की. शिकून आली त्याच दिवशी, भाकरी खाता खाता. समद्यांलाच दाखवलं तिनं."

द्वारकाबाई शेजारीच होती. तिचा क्रेट भरला होता आणि आता ती पंचफुलाबाईचा भरू लागत होती.

"आणि हे काय चाललंय?"

"माझं झालं, हिचं राह्यलंय. रानात सावड न्हाई का करत? आज माझ्या वावरात, उद्या हिच्या."

"तुम्ही माझं सगळं मोजमाप नासवलंत!"

शेडातले हात थांबले.

"काहून वरडून राहिल्या, ताई?" द्वारकाबाईचाही आवाज चढला. "शिकलेलं लपवून ठिवा म्हणून सांगितलं व्हतं का आमाला?"

"आन सांगून तरी काय उपेग?" पंचफुलाबाई म्हणाली. "हिच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय!"

सगळ्या हसल्या. पुनमला हसू आलं नाही. तिचा राग आता तिच्याच अंगावर उलटला होता. जन्मभर एकमेकींच्या शेतात राबलेल्या बायकांना एका ढिगाभोवती बसवायचं आणि त्यांनी अनोळख्यासारखं वागावं असं गृहीत धरायचं! हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं होतं? तिनं वही मागं उलटली. ट्रेनिंगच्या आधी सगळ्यांचीच सरासरी ब्याण्णव होती.

ती सोमेश्वरकडे परतली. "दोन्ही गट ब्याण्णववरून वर गेलेत, सर. शिकणं बाराही जणींत पसरलं, म्हणून फरक दिसत नाही."

सोमेश्वरनं मोजणीच्या सुरुवातीला तिनंच लिहून दिलेला कागद काढून सावकाश वाचला. "'फक्त आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. दरम्यान मालही बदलतो.' खाली सही कुणाची, मॅडम?"

सही तिची होती आणि वाक्य खरं होतं. त्यामुळंच ती जास्त चिडली.

"मग मालकांच्या शिरड शहापूरच्या दुसऱ्या शेडचे आकडे द्या. माल तोच जातो तिथं, आणि तिथं कुणालाच शिकवलेलं नाही."

"ते तुमचं काम न्हाई."

"रोज तुमच्या मोबाइलवर येतात ते."

"सही करा म्हणलं ना!"

पुनमनं सहीच्या जागी लिहिलं: 'मांडणी चुकली, चूक माझी. यावरून ट्रेनिंग निरुपयोगी ठरत नाही. शिरडचे आकडे मागितले, मॅनेजरांनी दिले नाहीत.' खाली सही केली, फोटो काढला आणि थेट मालकांना पाठवला.

"डोकं फिरलं का तुमचं?" सोमेश्वर खुर्चीतून उठला.

पाच मिनिटांत त्याचा फोन वाजला. मालकांचा आवाज पुनमपर्यंत येत होता. "शिरडला किती निघून राहिलं रे, बाईमागं?"

"बघावं लागंल, मालक."

"बघ मंग. मी हाय लाइनवर."

सोमेश्वरनं मोबाइल चाळल्यासारखं केलं. "त्र्याण्णव."

"आन तुझ्याकडं?"

"एकशे चौदा, पंधरा."

"मंग औंदा मशीनचं राहू दे. आधी शिरडच्या बायकांना शिकव."

फोन खिशात गेला. "झालं समाधान?" सोमेश्वर गुरकावला.

"नाही," पुनम म्हणाली. "त्र्याण्णव तुम्हाला महिनाभर माहीत होतं."