बाहेर पडण्याची परीक्षा

आमचे मामंजी एकदा आगीत सापडले होते, ही आमच्या घराण्याची सर्वांत मोठी कमाई. तरुणपणी ते शर्यतीच्या गाड्या चालवायचे. चारही चाकं उघडी आणि एकट्या माणसाला जेमतेम आडवं होता येईल एवढी जागा, अशा त्या गाड्या. एकदा त्यांची गाडी कठड्यावर आदळून पेटली आणि मामंजींनी ज्वाळांतून उडी मारली. आमचं लग्न ठरवायच्या बैठकीत मी ही उडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती कमरेएवढी होती. पाहुण्यागणिक वाढत वाढत ती आता कठड्याच्या पलीकडे पोचली आहे. चहाचा कप घेताना मामंजी भाजलेला डावा हात मुद्दाम पुढे करतात, म्हणजे कोणीतरी विचारावं.

सुरक्षिततेचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. चालकाच्या डोक्यावर जी लोखंडासारखी भक्कम कमान असते, तिला ते पाळण्याची दांडी म्हणतात. न पेटणारे आतले कपडे म्हणजे आजाऱ्याची बंडी.

आता मामंजींचा स्वतःचा संघ आहे आणि गाडी आमचे हे चालवतात. वेगात ह्यांना तोड नाही, हे मी बायको असूनही सांगते. पण मागच्या अपघातात गुडघा गेला, मग घरी बसणं आलं, आणि बसल्या जागी पोट सुटलं. गाडीची बैठक मात्र जुन्या मापाची. हल्ली दोघे जण ह्यांना खांद्यावर दाबून आत बसवतात. असा दाबून बसवलेला माणूस बाहेर कसा येणार, हा प्रश्न साऱ्या संघात एकट्या मला पडला.

मला आणि नियमांना. नियम असा, की शर्यतीआधी चालकाने हेल्मेटसकट, पट्टे बांधून बसायचं, स्टिअरिंग उपसून काढायचं आणि ठरलेल्या वेळात कोणाच्या मदतीशिवाय बाहेर यायचं. समोर तपासनीस घड्याळ धरून उभा. इंधन पेटलं की मदत पोचेपर्यंत ज्याचा त्यानेच जीव वाचवायचा असतो. ह्यांनी आधी शेडमध्ये सराव केला. पट्टे सुटले, स्टिअरिंग निघालं, पण गुडघा वळेना आणि पोट कमानीखाली अडकलं. वेळ संपून गेली तरी हे अर्धे आत, अर्धे बाहेर.

मामंजींनी उपाय काढला. आमच्याकडे एक मेकॅनिक आहे, अंगाने इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणतात. शर्यतीच्या आदल्या सकाळी त्याला ह्यांचा सूट चढवला, पाठीमागून पिना मारून आवळला आणि हेल्मेटची काच खाली ओढली. तपासनिसाचे डोळे पूर्ण वेळ घड्याळावर. काडी सुळकन बाहेर आला. तपासनिसाने त्याचा हात हातात घेऊन कौतुक केलं, कागदावर सही केली आणि निघून गेला. हे तेव्हा मागच्या खोलीत टायरवर बसून होते.

मी मामंजींना विचारलं, की उद्या गाडीत काडी बसणार आहे का. ते म्हणाले, शर्यत बाहेर पडण्याची नसते, पुढे जाण्याची असते, आणि बायकांनी आदल्या दिवशी शुभ बोलावं. ह्यांच्याकडे बघितलं तर हे हेल्मेटची काच पुसत होते. वळणावर भल्याभल्यांना मागे टाकणाऱ्या माणसाची बापासमोर जीभ वळत नाही. माझा संताप झाला. आणि भीती तर त्याहून जास्त वाटली.

दुपारी एक छायाचित्रकार आला. जुना शूर आणि नवी गाडी, असा फोटो त्याला हवा होता. मामंजी लगेच तयार. त्यांना आत बसवलं आणि पट्टे मी स्वतः बांधले, चांगले करकचून.

"मामंजी," मी म्हटलं, "आग लागली असं समजा. ती उडी एकदा ह्यांना दाखवा. फोटोही छान येईल."

छायाचित्रकार खूश झाला. मामंजी हसले आणि पट्ट्यांच्या खटक्याकडे हात नेला. खटका सापडेना. सापडला तर भाजलेल्या हाताच्या बोटांनी फिरेना. मग हसू गेलं. त्यांनी डोकं वर केलं, ते कमानीला लागलं आणि ते दोन्ही हातांनी पट्टे ओढायला लागले. मला मजा वाटायला हवी होती. वाटली नाही.

"काढा रे मला," ते म्हणाले. आवाज एवढासा.

ह्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला आणि मग धावत जाऊन पट्टे सोडले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना बाहेर घेतलं. मामंजी जमिनीवरच बसले. ते स्वतःच्या भाजलेल्या हाताकडे बघत होते.

"तेव्हाही उडी नव्हती मारली मी," ते म्हणाले. "मागून येणाऱ्या एकाने गाडी थांबवली. त्याने ओढलं मला."

"कोण होता?" ह्यांनी विचारलं.

"विचारायचं राहून गेलं."

हे उठले. सरळ तपासनिसाच्या खोलीत गेले आणि त्याला म्हणाले, की सकाळी गाडीत मी नव्हतो, आता माझी वेळ घ्या. तपासनीस आधी आमच्यावरच चिडला, कारण त्याची सही होऊन गेली होती. पण मग घड्याळ घेऊन आला. साऱ्या संघासमोर हे गाडीत बसले आणि साऱ्या संघासमोर अडकले. दुसऱ्या दिवशी शर्यत आमच्याशिवाय झाली. संघाला वर्षभराची बंदी बसली, आणि हे घरी माझ्यासमोर बसून जेवले.

मामंजींना सावरायला महिना लागला. आता पुन्हा पाहुणे येतात, पुन्हा कप उचलला जातो, डावा हात पुढे होतो. उडीचं नाव मात्र ते काढत नाहीत. आता ते सांगतात, की मुलगा पेटत्या गाडीत अडकला होता आणि त्यांनी एकट्याने त्याला ओढून बाहेर काढलं.