दुसरा ब्रेक

सहलीच्या सहाव्या दिवशी सकाळी तळ्याकाठी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं, तेही उकडलेल्या अंड्याच्या टरफलावरून. टरफल गाडीत सांडलं होतं. अंडं बिचारं फुकट बदनाम झालं. खरं भांडण पहिल्या दिवसापासून धुमसत होतं आणि ते होतं गाडीतल्या दुसऱ्या ब्रेकवरून.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती. स्कूल बंद पडलं तेव्हा मालकाने ती जाता जाता तिथे शिकवणाऱ्या नवऱ्याच्या गळ्यात मारली. टपावरची पाटी काढली, पण बोल्टची भोकं चिकटपट्टीने बुजवावी लागली आणि वेग वाढला की ती पट्टी फडफडायची. डिकीवरचं 'शिकाऊ' घासून घासूनही पुरतं जाईना, त्यामुळे मागून येणारा प्रत्येक जण, अगदी ट्रॅक्टरवालासुद्धा, हॉर्न मारून मगच पुढे जायचा. आणि शेजारच्या सीटपुढे होता तो दुसरा ब्रेक. शिकणारा गडबडला की सरांनी तो दाबायचा, गाडी जागच्या जागी उभी.

सर म्हणजे तिचा नवरा. नऊ वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून त्याने निम्म्या शहराला रस्त्यावर आणलं होतं, चांगल्या अर्थाने. तिलाही त्यानेच शिकवलं, त्यातून लग्न झालं, आणि ती त्याला अजून सरच म्हणायची. आधी लाडाने म्हणायची. आता ज्या सुरात म्हणायची, त्या सुरात माणूस फक्त डासाशी बोलतो.

ती लिफ्टची मेकॅनिक. खिशात सतत हत्यार, आणि एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून सासरी तिचं नाव पडलं होतं पक्कड. दोघांच्या नोकऱ्या एकाच महिन्यात गेल्या आणि नव्या मिळाल्याही एकाच आठवड्यात. त्याला बस डेपोत ड्रायव्हर तयार करायचे होते. तिला अकरा गावांतल्या इस्पितळांच्या लिफ्ट सांभाळायच्या होत्या. कंपनी गाडी देणार होती, ड्रायव्हर देणार नव्हती. घाटरस्ता, एकटीने, येत्या सोमवारपासून. जमलं नाही तर दुसरा उमेदवार दारात उभाच होता. मधले दहा दिवस मोकळे होते. फिरून येऊ, बघण्यासारखं सगळं बघू, तुझा हातही बसेल, असं त्यानेच सुचवलं होतं. पण पहिल्याच वळणावर त्याचा पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहायला आला.

त्याने दाबलं की तिच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं, अंगात आल्यासारखं. गाय दिसली की ब्रेक. पुढे गायी आहेत अशी पाटी दिसली तरी ब्रेक. धबधब्यापाशी पोचले तर धबधबा करंगळीएवढा, आणि त्याचंही खापर तिच्यावरच: "वेळेत पोचलो असतो तर पाणी असतं."

तर तळ्याकाठी टरफलं वेचता वेचता तो म्हणाला, "एवढ्या जोरात ब्रेक मारलास म्हणून सांडलं."

"मी मारला?"

"मग कोणी?"

"तुमचा पाय होता त्यावर, सर. मी स्टिअरिंग धरून बसले होते."

"समोर सायकलवाला होता."

"तो शेतात होता. सायकल झाडाला टेकवून झोपला होता."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्याने स्पीकर लावला. "त्याला चालवू दे गं, पक्कड. शिकवणारा घरात असताना तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"सोमवारी ते शेजारी नसणार ना, आई."

"तेच म्हणते मी. अकरा गावं म्हणजे काय खेळ आहे? चार चार दिवस घराबाहेर. घर कोण बघणार?"

फोन बंद झाला. तो खाली बघून अंड्याचा पिवळा बलक बोटाने फोडत बसला. बोलल्या सासूबाई, पण तोंडात शब्द कोणी घातले होते हे कळायला पंचांग नको होतं.

"म्हणजे तुमचं ठरलंय, सर."

"ठरलंय काय त्यात? कंपनीला फोन कर, सांग जमत नाही. लिफ्ट काय, आपल्या शहरातही आहेत."

"मला लायसन्स आहे."

"लायसन्स." तो हसला. "परीक्षेच्या दिवशी चौकात सिग्नल लाल झाला, तेव्हा गाडी कोणी थांबवली असं वाटतं तुला?"

तीन वर्षं ते लायसन्स तिने पाकिटात लग्नाच्या फोटोच्या वर ठेवलं होतं. तिच्या घरात गाडी चालवणारी ती पहिली बाई. आणि आता हा म्हणत होता की तो पाय तिचा नव्हताच. तिने अंडं न खाता परत डब्यात ठेवलं, टरफलासकट.

पुढचं ठिकाण घाटाच्या पायथ्याचा जुना मनोरा. पायऱ्या दोनशे बारा.

"येतेस?"

"गुडघा दुखतोय."

"गाडी चालवून?"

"ब्रेक सोसून."

तो ताडताड वर गेला. ती शेजारच्या सीटपुढे पालथी पडली आणि टॉर्च दातांत धरून आत डोकावली. एक सळई, सळईला पिन, पिनला दुमडलेली तार. लिफ्टमध्ये याच्या दसपट भानगडी असतात. चार मिनिटांत पिन हातात आली. सळई तिने बाजूला वळवून बांधून टाकली, पण स्प्रिंग तशीच ठेवली. म्हणजे पेडल दाबलं तर जाणार, सोडलं तर वर येणार, गाडीला मात्र त्याचा पत्ताही नाही. मग गाडी दहा पावलं पुढे नेऊन आपला ब्रेक तिने तीनदा तपासला आणि पिन खिशात टाकली. वरून तो हात हलवत होता, फोटो काढ म्हणून. तिने काढला. फोटोत तो मुंगीएवढा आला. तिने दुसरा काढला नाही.

घाटाच्या पहिल्या वळणावर त्याने पाय दाबला. तिनेही आपला दाबलेलाच होता. गाडी मंदावली. तो समाधानाने मागे टेकला.

"असं. इथे मारायचा असतो."

"हो सर."

पाचव्या वळणावर तो म्हणाला, "ब्रेक जरा मऊ लागतोय आज."

"हवा गार आहे."

"हवेने ब्रेक मऊ होत नाही."

"मग तुम्ही दमला असाल."

पुढे सरळ रस्त्यावर गायीची पाटी आली. त्याने दाबला, गाडी तशीच गेली, पाटी मागे पडली. त्याने एकदा आपल्या बुटाकडे पाहिलं. तिला हसू आलं, पण हसू गिळण्यात ती आता तरबेज झाली होती.

माथ्यावरून म्हणे तीन जिल्हे दिसतात. त्या दिवशी दिसलं फक्त धुकं आणि एक बाकडं. बाकड्यावर बसून त्याने हिशेब मांडला. "अठ्ठावीस वळणं. अठ्ठावीसही ठिकाणी मी होतो." तिने मान हलवली. होता तो, नाही कोण म्हणतंय.

उतारावर तिसऱ्या वळणाच्या पोटात ट्रक बंद पडला होता, जवळजवळ अख्खा रस्ता अडवून, उरलेल्या कडेला खुणेचे दोन दगड मांडून. धुक्यातून तो एकदम अंगावरच आला. तिने गिअर खाली घेतला आणि ब्रेक दाबला, आधी हलका, मग पुरा. शेजारी तो दोन्ही पाय रोवून जवळजवळ उभाच राहिला. ट्रकपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. टपावरची पट्टी तेवढी फडफडून गप्प झाली.

"बघितलंस?" त्याचा आवाज फाटला होता. "मी होतो म्हणून. दोन्ही पाय लावले मी. सोमवारी कोण असणार? काढ फोन. आत्ता, माझ्यासमोर सांग त्यांना."

तिने हँडब्रेक ओढला, खिशात हात घातला आणि फोनऐवजी पिन काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"हे काय?"

"तुझा ब्रेक. मनोऱ्यापासून माझ्या खिशात आहे."

त्याने पेडल दाबलं. एकदा, दोनदा, चारदा. ते शहाण्या मुलासारखं खाली गेलं आणि वर आलं.

"माझ्या जिवाशी खेळलीस तू."

"खेळले नाही. चालवली."

"दरीत गेलो असतो."

"गेलो का? आता परीक्षेच्या दिवसाचं सांग. आणि खरं सांग."

ट्रकवाला दगडावर बसून काकडी खात फुकटचा तमाशा बघत होता.

"आरटीओच्या साहेबांनी मला मांडी घालून बसवलं होतं," तो शेवटी म्हणाला, दाढ उपटून द्यावी तसा. "पाय खाली सोडायचे नाहीत म्हणाले. तुझं लक्ष रस्त्याकडे होतं. झालं समाधान?"

"नाही."

मग तिने कंपनीला फोन केला आणि स्पीकर लावला. लावायचा कसा, ते सहा दिवसांत शिकलीच होती. "सोमवारी आठला हजर होते. गाडी तयार ठेवा."

"ठेवतो, बाई. अजून काही?"

"तिला ब्रेक किती आहेत?"

"म्हणजे? एकच असतो ना?"

"मग ठीक आहे."

तो खाली उतरला आणि दार असं आपटलं की ट्रकवाल्याची काकडी हातातच राहिली. ती हलली नाही, हाकही मारली नाही. पाच मिनिटं तो रस्त्यात तसाच उभा राहिला. शेवटी ट्रकवालाच म्हणाला, "बसा की, दादा. इथून संध्याकाळपर्यंत दुसरं काही मिळायचं नाही."

तो मागच्या सीटवर बसला.

"पिन दे इकडे."

"नाही."

ट्रकवाल्याने ते दोन दगड सरकवून कडेने वाट करून दिली. तिने गाडी बाहेर काढली. पुढच्या वळणावर मागून धप असा आवाज आला. त्याचा पाय, गाडीच्या रिकाम्या तळावर. त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा धप. आरशात त्याचं फुगलेलं तोंड निम्मी काच अडवून बसलं होतं. तिने हात वर करून आरसा जरासा फिरवला. आता त्यात फक्त मागचा रस्ता होता.