सुळ्याला सात वर्षं लागतात

"मामा, तुझ्या आख्ख्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कुठली?"

अनोलिननं विचारलं खरं, पण विचारल्याबरोबर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. समोर बुले मामा अळूच्या रानात वाकलेला. रात्रभर पावसानं झोडपल्यामुळं लाल चिखल त्याच्या गुडघ्यापर्यंत चढला होता. मागं केवड्याच्या दाटीत तिच्या दोन मैत्रिणी, सेलिना आणि मेतिल्दा, एकमेकींच्या तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. मामाच्या तोंडून "गोलपोस्ट" हा शब्द काढून दाखव, मग आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहतो. शाळा डोंगरावर, वाट शेवाळाची, आणि दप्तर दुसऱ्याच्या पाठीवर! असं आयतं सुख कोण सोडेल? त्यात गेल्याच महिन्यात शाळेच्या वादविवादात अनोलिननं मास्तरांना गप्प केलं होतं. तेव्हापासून पंधरा वर्षांच्या या पोरीच्या जिभेला सुट्टी कसली ती नव्हती.

आता त्या प्रश्नाचं उत्तर बेटावरच्या साऱ्या गावाला पाठ होतं. पंचवीस वर्षांपूर्वी बुले मामानं एक डुक्कर पाळलं होतं. नाव कॅप्टन. लहानपणीच त्याचे वरचे दोन सुळे काढून टाकले, म्हणजे खालच्या सुळ्यांना घासायला काही उरत नाही, आणि ते वाढता वाढता वाकून वाकून पुरं कडं होतं. पण कड्याला लागतात सात वर्षं. तोवर डुकराला जमीन उकरू द्यायची नाही, सुळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, रताळी नि केळी कुस्करून हातानं भरवायची. तसलं डुक्कर वडीलधाऱ्यांपुढं आणलं की माणसाला मान मिळतो. बैठकीच्या घरात आतल्या शेकोटीपाशी जागा मिळते, चार शब्द बोलायचा हक्क मिळतो.

कॅप्टनच्या कड्याला फक्त बोटभर अंतर उरलं होतं. आणि तेव्हाच मामाला शेजारच्या गावची एल्सिना आवडली.

फुटबॉलच्या अंतिम सामन्याला ती येणार, हे कळल्यावर मामानं कॅप्टनला कपड्याच्या साबणानं धुतलं, खोबरेल लावून चकचकीत केलं, गळ्यात जास्वंदीची माळ घातली आणि नवरदेवासारखं मिरवत मैदानावर आणलं. ज्या डुकरानं जन्मात स्वतःच्या गोठ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्यानं एकदम दोनशे माणसं बघितली. दावं तोडून ते सरळ गोलाकडं सुटलं. गोलकीपर जवळच्या फणसावर चढला. कॅप्टन खांबावर आदळला आणि सुळा कट् करून मोडला. रेफरीनं डुकराला ऑफसाइड दिलं, असं लोक अजून सांगतात. एल्सिनानं लग्न केलं ते त्या गोलकीपरशी. कधी पळावं हे ज्याला कळतं तो नवरा बरा, म्हणाली.

तेव्हापासून बुले मामा 'गोलपोस्ट'. एकोणपन्नासावं वर्ष लागलं, डोकं पांढरं झालं, पण बैठकीत अजून दाराजवळ, मिसरूड न फुटलेल्या पोरांत बसतो. पावसाचे शिंतोडे त्याच्याच अंगावर.

मामानं पाठ सरळ केली. "केवड्यात कोण बसलंय गं?"

"कुणी न्हाई."

केवडा फिदीफिदी हसला.

"भाईर या म्हणावं. काटं लई वंगाळ असत्यात त्येचं."

दोघी पाठ चोळत बाहेर आल्या. मामा त्यांच्याकडं बघून म्हणाला, "गोलपोस्ट म्हणायचं व्हतं न्हवं म्या? घ्या. गोलपोस्ट, गोलपोस्ट, गोलपोस्ट. झालं समाधान? हरलं कोण?"

"आमी," सेलिना रडवेली होऊन म्हणाली.

"पण ती चूक न्हवं गं पोरींनो. ती फजिती. फजिती निराळी अन् चूक निराळी."

अनोलिनचं हसू तोंडातच राहिलं. "मग चूक कंची?"

मामा बांधावर टेकला. चिखलाचे हात त्यानं पानाला पुसले, मग उगाच पुन्हा पुसले. "दुसऱ्याच दिशी माझा बा नवं पिल्लू घेऊन आला. म्हणला, हं, धर. म्या म्हणलं, आनि सात वर्सं? एकतीसचा हुईन की! चोविसाव्या वर्सी एकतीस म्हंजी काठी टेकायचं वय वाटतं. पिल्लू परत पाठवलं."

"मग रं?"

"मग काय. एकतिसावं आलं. अडतिसावं आलं. पंचेचाळिसावं बी येऊन गेलं. डुक्कर तेवढं आलं न्हाई."

मेतिल्दाला एवढ्यात हुंदका आला. तिला कशानंही येतो.

अनोलिन मात्र वेगळ्याच विचारात होती. "मामा, म्हणून तू रोज सांजच्याला आमच्याकडं लिंबं मागाया येतूस व्हय? तुझ्या दारात लिंबाचं झाड वाकलंय न् तू आमची लिंबं नेतूस! तू आमच्या डुकराच्या पिल्लाचं तोंड बघाया येतूस!"

मामा पकडला गेला. कानापर्यंत लाल झाला. "असला जबडा पंचवीस वर्सांत बघितला न्हाई गं. वर्साचं झालंय. सुळं काढायचं तर ह्याच महिन्यात. पण तुझ्या बानं ते फुटबॉल क्लबाच्या जेवणाला कबूल केलंय. शनिवारी कापणार."

"मग माग की बा जवळ!"

"कुठल्या तोंडानं? समदं गाव हसंल. गोलपोस्ट पुन्हा डुक्कर धरतोय म्हणून."

"हसतंयच की गाव. पंचवीस वर्सं फुकटच हसतंय. निदान कामाला तरी लागूदे त्येंचं हसू." अनोलिन उठलीसुद्धा. "आये न् बा बाजाराला गेल्यात. दुपारच्या आत येत न्हाईत. चल."

"आता?"

"न्हाई, आनि सात वर्सांनी!"

पुढचा अर्धा तास देवानंही बघितला नसेल तर बरं. मामानं हत्यार आणलं. मेतिल्दानं प्रार्थना धरली, ती भलतीच निघाली, जेवणाआधीची. सेलिनानं मागचा पाय धरला, आणि पाय तिला घेऊन सगळ्या अंगणातून फिरून आला. ओरडतंय ते डुक्कर की सेलिना, शेजाऱ्यांना कळेना. अनोलिन पिल्लाच्या पाठीवर बसून त्याच्या कानात सारखी म्हणत होती, "बाळा, थोडंच, थोडंच," आणि तिचेच डोळे घळाघळा वाहत होते. शेवटी वरचे दोन इवले सुळे मामाच्या तळहातावर आले. मामानं मूठ मिटली ती उघडेचना.

मग त्यानं रताळं कुस्करलं. पिल्लू रुसलं होतं. दोनदा तोंड फिरवलं, तिसऱ्यांदा खाल्लं.

दुपारी अनोलिनचा बाप गराए आणि आई लोलीन बाजारातून आले. गराए फुटबॉल क्लबाचा चिटणीस. त्यानं पिल्लाचं तोंड बघितलं आणि टोपलीच खाली टाकली. वरचे सुळे काढलेल्या डुकराला कडं पुरं होईस्तोवर गावात कुणी सुरी लावत नाही. चिटणीसालाही तो रिवाज मोडता येत नव्हता.

"पाव्हणं, हे काय केलंसा? शनिवारी दोन संघ जेवाया यायचं हायती. त्येंच्या पानात काय फुटबॉल वाढू?"

बुले मामा दाराबाहेरच उभा होता. "चुकलं," एवढंच म्हणाला, आणि जायला वळला.

"मामा, हल्लास तर बघ!" अनोलिन ओरडली. चिखलानं माखलेली, कोपर सोललेलं, केसांत रताळं. "बा, माझ्या सा कोंबड्या क्लबाला दे."

"फोन घ्यायला पाळल्याल्या?" लोलीनचा हात तोंडावर गेला. वर्षभर अनोलिननं त्यांचं एक अंडं घरातल्या कुणाला मिळू दिलं नव्हतं, सगळी विकून फोनचे पैसे साठवत होती. "अगं, त्यास्नी तू नावं ठेवलीस की!"

"शनिवारपतूर विसरीन." तिनं केसांतलं रताळं ओढून काढलं. "अन् भरवायला मामाच्या जोडीला मी हाय. सकाळी शाळंच्या आधी, सांजला शाळंच्या मागनं."

"सात वर्सं?" आई म्हणाली. "सात वर्सं डुकराच्या मागं? अंगाला वास मारंल पोरी. माझा दादा तर राहिला बिनलग्नाचा, आता तुला तरी कोण मागणी घालंल?"

अनोलिननं एकदा आईकडं बघितलं, एकदा बापाकडं. कंबरेवर हात ठेवले.

"आये, बा, दोघंबी नीट ऐका, म्या ठरवलंय. ज्याला मागणी घालायची आसंल त्येनं सात वर्सांनी बैठकीच्या घरात यायचं. दारात न्हाई थांबायचं, पार आतल्या शेकोटीपतूर यायचं. तितं माझा मामा बसल्याला आसंल. त्येला इचारायचं."