सात बिया आणि आभारपत्र

टेलरीणबाई कायद्याला भारी धरून. पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पाकीट पोस्टानं आलं आणि त्यातून सात काळ्या बिया शिलाई मशीनवर घरंगळल्या, तेव्हा त्या चार पावलं मागे सरल्या. पत्ता छापील, आत चिठ्ठीचपाटी काही नाही!

"हात लावू नकोस!" नवरा पेपरमागून ओरडला. "अशा बिया पेरायच्या नाहीत, कचऱ्यातही टाकायच्या नाहीत. पाकिटासकट कृषी कार्यालयात द्यायच्या. छापून आलंय इथे."

झालं! गिऱ्हाइकाचे पडदे तसेच टाकून बाई निघाल्या.

"ओळखीच्या कुणी पाठवल्या नसतील ना?" कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं. "भाऊ, बहीण?"

"मला कुणी नाही पाठवणारं," बाई फटकन म्हणाल्या.

थोरली बहीण होती, पण नऊ वर्षं अबोला. आई गेल्यावर तिचा निळ्या फुलांचा वेल ताईनं नेला, आणि बाईंनी चार बिया मागितल्या तर म्हणाली, "तुझ्या हातून काही जगत नाही." एवढंच. पण लागलं ते जिव्हारी.

साहेबांनी बाईंच्या देखत बिया भट्टीत टाकल्या आणि शिक्का मारलेलं आभारपत्र दिलं, 'जागरूक नागरिक' म्हणून. बाईंनी ते फ्रेम करून मशीनच्या वर टांगलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाचायला लावलं.

तीन आठवड्यांनी फोन वाजला.

"मी बोलतेय. उगवल्या का गं?"

ताईचा आवाज! बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "काय उगवल्या?"

"आईच्या वेलाच्या बिया, दुसरं काय! जावयानं पत्ता छापून दिला. चिठ्ठी लिहायला बसले, पण तुला काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसत्याच पाठवल्या. माझा वेल मुळापासून कुजला बघ. तेवढ्या सातच उरल्या होत्या."

बाईंची नजर भिंतीवर गेली. मेली जागरूक नागरिक! खरं सांगावं तर ताई फोन आपटणार, आणि पुढची नऊ वर्षं कुणी बघितलीत?

"उगवल्या की," त्या म्हणाल्या. "सातच्या सात."

ताईनं नाक ओढलं. मग म्हणाली, "तेव्हा मी उगाच बोलले गं तुला. रविवारी बघायला येते. येऊ ना?"

"अगं, विचारतेस काय! ये."

फोन ठेवून बाई ढसाढसा रडल्या. मग आभारपत्र उतरवून कपाटामागे सारलं, रविवारी ताईला दाखवायला गॅलरीतली रिकामी कुंडी मातीनं भरली आणि तिला तांब्याभर पाणी घातलं.