काचेखालची करंगळी

हाड मोडतं तेव्हा आवाज फार मोठा होत नाही. वाळकी काडी मोडावी तेवढाच. शेजारच्या दुकानापर्यंतही जात नाही. हे मला आता ठाऊक आहे, कारण माझी उजवी करंगळी माझ्याच दुकानात, माझ्याच काउंटरच्या फळीखाली मोडली. मोडणाऱ्याला मी बोलावलं नव्हतं. पण तो जे शोधत होता ते मी माझ्या हातानं काचेखाली मांडून ठेवलं होतं. तेव्हा सांगायचं तर त्याच्या पापापासून नको, माझ्या चुकीपासून सांगतो.

माझा धंदा व्हिजिटिंग कार्डांचा. डिझाइनही मीच करतो, छापतोही मीच, कापतोही मीच. वडिलांपासून दुकानाची एक रीत आहे: नव्या कामाचं पहिलं कार्ड गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. ते काउंटरच्या काचेखाली सरकवायचं. पहिलं देवाचं, बाकीची गिऱ्हाइकाची, असं वडील म्हणत. त्या काचेखाली दाताचा डॉक्टर होता, नळ दुरुस्त करणारा होता, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी होते. काचेखाली कुणी भांडत नाही.

त्या दोघी आल्या त्या दिवशी माझी मान धरली होती. मोठी पन्नाशीची, आवाजानं दुकान भरणारी. धाकटी तिच्यामागे, दाराकडे तोंड करून उभी.

"कार्डं हवीत," मोठी म्हणाली. "मसाज थेरपीची. फक्त बायकांसाठी."

"नाव सांगा."

"नाव नको."

"पत्ता?"

"पत्ता तर मुळीच नको. चेहऱ्याचा फोटोही नको."

"मग ताई, कोरीच घेऊन जा की! मला त्रास नाही आणि तुम्हाला चूक काढायला जागा नाही."

मोठी हसली. धाकटीनं फक्त दाराकडे पाहिलं. मग मोठीचं हसू ओसरलं आणि तिनं एका दमात सांगून टाकलं, जसं ओकारी आवरत नाही तसं.

"ही माझी भावजय. माझ्या धाकट्या भावानं हिची करंगळी दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं. आपटून नाही हो. हळूहळू. हिच्या डोळ्यांत बघत. त्याआधी बरगडी, त्याआधी दोन दात. आठ महिने झाले, माझ्याजवळ ठेवलीय. मी गाव बदललं, घर बदललं, फोन बदलला. भाऊ माझाच आहे. सांगताना मला लाज वाटते. मारताना त्याला वाटत नाही."

मी नुसताच मान चोळत राहिलो. तेवढ्यात धाकटी पहिल्यांदा बोलली.

"दादा, मान कधीपासून धरलीय?"

"तीन दिवस. उशी बदलली म्हणून..."

"बसा त्या स्टुलावर."

तिनं दोन्ही अंगठे मानेखाली रोवले आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला.

"अहो, जीव घेताय की काय!"

"घेत नाही. जागेवर बसवते."

आणि बसवला, खरंच. पाच मिनिटांत मान दोन्हीकडे फिरली. मला वाटलं, या हातांसाठी असं कार्ड करायचं की बघणाऱ्याचं दुखणं तिथंच अर्धं व्हावं. म्हटलं, "चेहरा नको तर हात छापू. ठेवा या स्कॅनरवर."

तिनं उजवा हात काचेवर ठेवला. चार बोटं सरळ, आणि करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली, रस्ता चुकलेल्या माणसासारखी.

"ही सरळ करता येईल, दादा?"

"चुटकीसरशी."

"मग करा. नक्की करा."

"केलीच समजा."

समजा म्हणालो. केलीही. दोन दिवस बसून ते बोट सरळ करून पाहिलं, आणि मला तो हात रबरी मोज्यासारखा दिसायला लागला. मनात आलं, जे आहे ते का लपवायचं? तिनं थोडंच पाप केलंय? सत्याला लाज कसली? बघा, माणूस आपल्या हौसेला किती मोठी नावं देतो! खरं एवढंच होतं की वाकड्या करंगळीचं कार्ड जास्त सुंदर दिसत होतं आणि मला ते माझं म्हणून मिरवायचं होतं. मी जुनाच हात ठेवला. मळकट पांढरा जाड कागद, त्यावर हात, खाली 'मसाज थेरपी, फक्त स्त्रियांसाठी' आणि फोन नंबर. छापली, कापली, पहिलं कार्ड काचेखाली सरकवलं. बाकीची पाकिटात. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं असतं. नावं ठाऊक नव्हती, म्हणून मी आपलं लिहिलं: 'नणंद-भावजय, आज चार वाजता'. आणि पाकीट काउंटरवर ठेवलं.

साडेतीनला तो आला.

इस्त्रीचा शर्ट, डोळे रडून सुजलेले. "काका, एक जाहिरात छापायचीय. भिंतीवर लावायची. माझी बायको हरवलीय."

आवाज इतका मऊ की मी त्याला आधी पाणी दिलं. त्यानं फोटो पुढे केला. गुबगुबीत गालांची, लांब केसांची एक मुलगी. मी ओळखलं नाही. धाकटीचे केस कानापर्यंत होते आणि गाल आत गेलेले.

"कधीपासून?"

"आठ महिने. गावोगाव फिरतोय. या भागात कुणीतरी पाहिलं म्हणे. डोक्यानं जरा अशी आहे हो ती, कुणीही फूस लावतं. वर मोठ्या अक्षरात लिहा, 'तू ये, मी रागावलो नाही.'"

आठ महिने. मी पुन्हा फोटो पाहिला. कपाळ तेच होतं. भुवया त्याच होत्या. मी मान वर केली आणि उशीर झाला होता, कारण तो आता काउंटरवर वाकला होता आणि त्याचं बोट काचेवर, बरोबर त्या करंगळीवर टेकलं होतं. पोर आपली हरवलेली गोटी सापडल्यावर हसतं तसा तो हसला.

"ही मी केलीय," तो म्हणाला.

"काय?"

"ही करंगळी. काका, तुमचं काम तुम्ही ओळखता ना? तसंच."

मी पाकिटावर हात टाकला. त्याचा हात आधी पोचला. त्यानं पाकिटावरचं अक्षर वाचलं, ओठ हलवत, सावकाश.

"नणंद." तो थांबला. "मला एकच बहीण आहे."

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्यानं स्टूल ओढलं आणि दाराकडे तोंड करून बसला. काउंटरवरची माझी कागद कापायची दोन फुटी लोखंडी पट्टी उचलून मांडीवर आडवी ठेवली.

"येऊ द्या. आधी ताईशी बोलतो. तिच्यादेखत मग हिच्याशी. तुम्ही तुमचं काम करा."

"माझ्या दुकानात असं चालणार नाही."

"तुमच्या दुकानात काय चालतं ते मला दिसलं," तो म्हणाला आणि पट्टी काचेवर हाणली. वडिलांच्या वेळची काच. दाताचा डॉक्टर, नळवाला, दोघे भाऊ, सगळ्यांवर तिचे तुकडे झाले. मी फोनकडे वळलो. दुसरा फटका माझ्या मनगटावर बसला आणि फोन मशीनखाली गेला. मग त्यानं माझा उजवा हात धरला, काउंटरची उचलायची फळी वर केली, खाचेत माझी करंगळी नीट बसवली. हो, नीट. धाकटीनं अंगठे मानेखाली जसे नेमके टेकवले होते, तितकंच नेमकं. चांगलं आणि वाईट दोन्ही करायला हात तेच लागतात, देवा.

"नंबर आहे, पण घर कुठंय?"

"मला माहीत नाही."

त्यानं फळीवर भार द्यायला सुरुवात केली. हळूहळू. माझ्या डोळ्यांत बघत.

मला खरंच माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, माहीत असतं तर त्या क्षणी मी सांगून टाकलं असतं. नंतर लोकांनी मला शूर म्हटलं. त्यांना मी हे सांगितलं नाही. इथं सांगतो. मोठीनं पत्ता नको म्हटलं होतं, म्हणून धाकटी वाचली, माझ्या धीरानं नाही.

काडी मोडली. मी गुडघ्यावर आलो. तो परत स्टुलाकडे गेला आणि दाराकडे तोंड करून बसला, जणू एक काम संपवून दुसऱ्याची वाट बघतोय.

चारला दहा कमी.

खाली बसल्यावर मला शटर दिसलं. दुकान उघडं असलं की शटरची दोन्ही कुलपं बाहेर जमिनीलगतच्या कड्यांत उघडी लटकवायची माझी सवय. दाबली की लागतात, किल्ली लागत नाही. एकदा शटर पडलं आणि कुणी बाहेरून ती दाबली, की आतून हत्तीही काही करू शकत नाही. पण बाहेरून दाबणार कोण?

मी रांगत काउंटरबाहेर आलो. त्याला वाटलं मी पळतोय. "जा, दारापर्यंत जा," तो म्हणाला. "पण मला इथून दिसायला हवात, काका." मी उठलो, डाव्या हातानं शटरच्या आकड्याला लोंबकळलो आणि सगळं अंग खाली टाकलं. शटर धाडकन जमिनीवर आदळलं. दुकानात अंधार झाला. मी त्या आकड्यावर पालथा पडलो, पोरावर आई पडते तसा.

तो आला. पट्टी पाठीवर, खांद्यावर, कानावर. मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. तो मला पायानं लोटत होता आणि शटर वर ओढत होता. वीतभर उजेड यायचा, मी पुन्हा लोळून वर पडायचो. तोंडात रक्ताची चव होती. रस्त्यावर कुणीतरी विचारत होतं, "आत काय चाललंय?" आणि पुढे जात होतं.

मग बाहेरून तो दुकान भरणारा आवाज आला. "अगं बाई, बंद कसं? चार म्हणाले होते ना?"

मी ओरडलो. "ताई! कुलपं दाबा! दोन्ही! तो आत आहे!"

तो थांबला. बाहेर चपलांचा आवाज आला. कुणीतरी पळालं असं मला वाटलं. पळालं असतं तरी मी दोष दिला नसता. पण चपला डावीकडे गेल्या होत्या. टक. डावं कुलूप.

मग तो बदललाच. पट्टी टाकून खाली बसला, शटरच्या फटीला तोंड लावलं. आवाज पुन्हा मऊ, रडका. "ताई. ताई, मी आहे गं. उघड ना. तू मला अंगाखांद्यावर खेळवलंस ना, ताई?"

बाहेरून मोठीचा हुंदका आला. नुसता हुंदका. पाय मात्र हलले नाहीत. उजव्या कुलपासमोर ती उभी होती, हे मला फटीतून दिसत होतं.

"खेळवलं," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा तुला कुणी मारलं नाही रे. मग कुठून शिकलास?"

तिचे पाय तसेच राहिले. वाकली ती धाकटी. फटीत मला तिचा हात दिसला. वाकडी करंगळी कुलपाला लागली. टक.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तो उठला तेव्हा त्याच्यासमोर दार नव्हतं, बाई नव्हती, मीच होतो. मशीन, कागदाचे रीम, खुर्ची, माझ्या बरगड्या. हाताला लागेल ते त्यानं मोडलं. बाहेर धाकटी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होती, स्पष्ट, चुकू नये म्हणून दोनदा. माझ्या दुकानाचा पत्ता. ते ऐकत मी बेशुद्ध पडलो.

त्याला घेऊन गेले. तो अजून आतच आहे आणि खटला चालू आहे.

तीन महिन्यांनी, माझ्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर, धाकटी दुकानात आली. विचारलं नाही, काही नाही; स्टूल ओढलं, माझा हात मांडीवर घेतला आणि करंगळीच्या सांध्यात अंगठा रोवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखतंय?"

"फार."

"दुखू दे." ती दाबत राहिली. "मी सरळ करा म्हटलं होतं, दादा."

"हो."

"तुम्ही हो म्हणाला होता."

"हो. मला वाटलं, जे खरं आहे ते..."

"माझ्या हाताचं खरं काय ते मी ठरवीन. तुम्ही नाही. त्यानंही नाही." तिनं बोट एकदा ओढलं, मी विव्हळलो. "त्यानं वाकडी केली आणि तुम्ही ती छापली."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण हात सोडला नाही, पुरता अर्धा तास.

मग पोलिसांनी परत दिलेलं ते पाकीट तिनं काउंटरवर ठेवलं. मी कटरखाली गठ्ठा लावला, खटका तिनंच दाबला. सगळ्या करंगळ्या एका घावात कापल्या गेल्या. ती मोठ्यानं हसली. तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. तिच्या नणंदेइतकंच मोठं होतं.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. माझी स्वतःची करंगळी आता माउसवरून बाहेर वळते. त्या हातानं तिची करंगळी सरळ केली, पेराला पेर लावून. ती मागे उभी राहून सांगत होती, "अजून थोडी. नखाकडे. हां." मग म्हणाली, "आता नाव घाला. आणि पत्ता."

"पत्ता?"

"लोक शोधत येतात, दादा. दुखणाऱ्यांना घर सापडायला नको का?"

छापलं. पहिलं कार्ड बाहेर आलं, अजून कोमट होतं. काउंटरला नवी काच मी अजून बसवलेली नाही, नुसतं लाकूड आहे. सवयीनं माझा हात तिकडे गेला आणि मधेच थांबला.

ते पहिलं कार्ड मी तिच्या हातावर ठेवलं.