शनिवारचे तीन तास

माझी बायको इर्या हिला जाऊन सात महिने झाले. तिच्या माघारी घरात तिचं असं एकच चालू होतं, कोठीतलं कॉम्प्युटरचं मशीन. जंगलाचे नकाशे करायला तिने ते घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर ते इंटरनेटवरच्या खुल्या बाजारात भाड्याने लावलं. या बाजाराला मालक नाही. ज्याचं मशीन रिकामं, त्याने त्याचे तास द्यायचे. ज्याला मोठं गणित करायचं, त्याने ते घ्यायचे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोची सिग्ने नदीत परतणाऱ्या साल्मन माशांचा अभ्यास करते. बड्या कंपन्यांचे दर तिला झेपत नव्हते. इर्याच्या मशीनवर तिने तीन वर्षं काम केलं आणि मशीनच्या उष्णतेने आमची कोठी हिवाळाभर उबदार राहिली.

बाजारातल्या यादीत मशीनचं नाव 'इर्या' असंच आहे. गिऱ्हाइकं गुण देतात, त्यात फिनलंडमधल्या आमच्या कुहमो भागात ते पहिलं होतं. दुसरं शेजारच्या वेइयोचं. त्याला हे सगळं इर्यानेच शिकवलं होतं. मार्चमध्ये वेइयो पहिला झाला. एप्रिलमध्ये सिग्नेही त्याच्याकडे गेली. इर्या घसरत आठवी झाली. दहाच्या खाली गेलं की नाव यादीतून जातं.

मला ते बघवेना. सकाळी आधी यादी, मग कॉफी. वेइयोच्या छपरावरचं बर्फ आमच्या आधी वितळलं, त्याचाही मला राग आला. गिऱ्हाईक माझ्या बायकोचं, विद्या माझ्या बायकोची, आणि वर बसला हा.

एका शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. तो बर्चची लाकडं फोडत होता.

"काय करतोस रे तू तिच्या मशीनला?"

"मी? तूच मारतोस त्याला. दर शनिवारी, पाच ते आठ."

पाच ते आठ माझा सौना, म्हणजे गरम वाफेचं स्नान, असतो. विजेची भट्टी आणि मशीन दोन्ही लावली तर फ्यूज उडतो, म्हणून मी मशीन बंद करतो. सौना बंद करायचं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"कुणाचं तरी गणित अर्ध्यात तुटतं," वेइयो म्हणाला. "तो गुण कापणारच की."

"इर्या असताना नव्हतं तुटत."

त्याने कुऱ्हाड टेकवली. "तेवढ्या वेळापुरतं ती काम माझ्या मशीनवर सरकवायची. माझा सौना लाकडांवर तापतो. इकडची वीज गेली की माझं काम तिच्याकडे. बाजाराचा फायदाच तो आहे, एक बंद पडलं तर दुसऱ्याने उचलायचं."

"म्हणजे दर शनिवारी तुम्ही बोलत होतात?"

"पावणेपाचला फोन यायचा. दोन मिनिटं."

"तीन वर्षं? आणि मला सांगितलं नाही?"

"तुला? एकदा मी तिची बाग खणून दिली, तर महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास, म्हाताऱ्या."

ते खरं होतं. पावणेपाचला मी सौनात टॉवेल ठेवायचो, बादली भरायचो. तो वेळ आमचा दोघांचा आहे असं मला वाटायचं.

"आजपासून पाठव माझ्याकडे," वेइयो म्हणाला. "कसं ते दाखवतो. महिन्याभरात वर येईल ती."

"नको."

"मग नाव जाईल तिचं."

"नाही जाणार. मशीन चालूच ठेवतो. माझी भट्टी लावत नाही."

"आणि शनिवारी सौना घेणार नाहीस? तू?"

तिचे तीन तासही मला त्याला द्यायचे नव्हते.

"मग इथे ये," तो लाकडं उचलत म्हणाला. "जागा आहे."

पाच वाजता मी त्याच्या सौनात गेलो. वरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसलो. घरी मशीन चालू होतं.

"फोनवर काय बोलायची?" मी विचारलं.

"कामाचं. कधी तुझ्या पाठीचं, दुखते म्हणून."

माझ्या पाठीचं दुखणं याच्याजवळ! मी पळी उचलली आणि तापल्या दगडांवर पाणी ओतलं, कढत वाफ उसळली. मग अजून एक पळी, मग अजून. चौथ्या पळीला वेइयो शिव्या देत बाहेर पळाला.

मी आतच बसून राहिलो. बरं वाटलं.